लेन्स विकत घेण्याआधी माजघर मोजा

वाचकाचे पत्र:

सर, आम्ही नागपुरातल्या सक्करदऱ्याचे तीन मित्र वऱ्हाडी बोलीत सत्तर मिनिटांचा चित्रपट करत आहोत. वापरलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के कॅमेरा घेतला आहे. तो ईएफ माउंटचा (कॅननच्या ईएफ लेन्स बसतात अशा कडीचा) जुना नमुना आहे, त्यात प्रकाश कमी करणारा अंगभूत एनडी फिल्टर नाही. एकूण ४८ दृश्यांपैकी ३१ दृश्ये महाल भागातील मामांच्या वाड्यात आहेत आणि त्यातली बहुतेक दहा बाय बाराच्या माजघरात घडतात. उरलेली काटोलजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची तोड सुरू असताना घ्यायची आहेत. लेन्ससाठी दीड लाख रुपये जमवले आहेत. १४, २४, ३५, ५० आणि ८५ मिलिमीटर असा पाच स्वस्त सिने-प्राइम (चित्रीकरणासाठीच्या, झूम न होणाऱ्या) लेन्सचा संच घ्यावा, टी १.२ इतक्या जास्त उघडणाऱ्या नव्या लेन्स घ्याव्यात, की जुन्या निकॉन आणि रशियन हेलिओस लेन्सवर भागवावे? फोकस ओढायला, म्हणजे शॉट चालू असताना कडी फिरवून फोकस धरायला, मित्राचा धाकटा भाऊ आहे. शेवटचा शॉट संत्रे सोलणाऱ्या बापाच्या हातांचा आहे.

उत्तर:

प्रिय मित्रांनो,

लेन्सविषयी विचारणारी बहुतेक पत्रे कॅमेऱ्याच्या नावापाशी सुरू होतात आणि किमतीपाशी संपतात. तुम्ही खोलीचे माप दिले, दृश्यांची मोजणी दिली आणि शेवटचा शॉटही सांगितला, म्हणून मला नेमके उत्तर देता येते. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील २४, ३५ आणि ५० मिलिमीटरच्या तीन लेन्स ईएफ माउंटमध्ये घ्या. ८५ ची लेन्स बगीच्यातील दिवसांपुरती भाड्याने आणा. १४ ची घेऊ नका. टी १.२ च्या ज्या लेन्स तुमच्या मनात आहेत, त्या बहुधा तुमच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाहीत.

आधी माजघराचा हिशोब मांडू, कारण तुमच्या चित्रपटाचा दोन तृतीयांश भाग तिथे आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.१० मिलिमीटर रुंद आणि १२.९९ मिलिमीटर उंच आहे. माणूस जितका लांब उभा आहे ते अंतर सेन्सरच्या रुंदीने गुणून लेन्सच्या मिलिमीटरांनी भागले, की फ्रेममध्ये किती रुंदी मावेल ते निघते. खोली बारा फूट लांब असली तरी भिंतीला टेकलेला कॅमेरा आणि त्यामागचा माणूस यांत दोन फूट सहज जातात, म्हणजे तुमच्या हाती मोठ्यात मोठे अंतर दहा फुटांचे. त्या दहा फुटांवर २४ ची लेन्स साधारण साडेनऊ फूट रुंदी दाखवते आणि सव्वापाच-साडेपाच फूट उंची. उभा माणूस नखशिखांत जेमतेम मावतो. ३५ वर रुंदी साडेसहा फुटांवर येते आणि उंची पावणेचार फुटांवर, म्हणजे शेजारी बसलेली दोन माणसे आणि त्यांच्यामधली चूल. ५० वर उरते साडेचार फूट रुंदी. ८५ वर फक्त पावणेतीन फूट.

आता क्लोजअपचे पाहा. डोके आणि खांदे एवढेच हवे असतील तर फ्रेमची उंची दीड फुटाच्या आसपास लागते. ती ५० च्या लेन्सने सहा फुटांवरून मिळते. तीच चौकट ८५ ने हवी असेल तर दहा फूट मागे जावे लागेल, म्हणजे माजघराची अख्खी लांबी एका चेहऱ्यासाठी खर्च होईल आणि कॅमेरा भिंतीला चिकटून दुसरा कोन उरणार नाही. ३५ ने क्लोजअप घ्यायचा तर चार फुटांवर यावे लागते आणि तिथून नाक किंचित पुढे आल्यासारखे दिसू लागते. हा दोष ३५ च्या लेन्सचा समजला जातो, पण चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतरामुळे. सहा फूट हे चेहऱ्याला मानवणारे अंतर आहे, म्हणून तुमच्या वाड्यात ५० हीच क्लोजअपची लेन्स ठरते. २४ आणि ३५ यांतली एक वगळून पैसे वाचवण्याचा मोह तुम्हाला होईल. मोकळ्या मैदानात एक-दोन पावले मागे सरकून तो निभावतो, पण माजघरात मागे भिंत असते.

१४ ला मी इतक्या ठामपणे नकार का देतो तेही सांगतो. या किमतीत मिळणाऱ्या सॅमयांगच्या १४ मिलिमीटर लेन्सची पुढची काच बाहेर फुगलेली आहे आणि तिच्यावर फिल्टर लावायला आटेच नाहीत, त्यामुळे विदर्भातल्या उन्हात ती तुमच्या कॅमेऱ्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरेल. शिवाय तिच्यात सरळ रेषा मिशीसारख्या लहरतात: मध्ये एकीकडे वाकतात आणि कडेला पुन्हा वळतात. वाड्याचे सागवानी खांब आणि तुळया अशा लहरताना पाहून मामांनाही वाईट वाटेल.

टी १.२ चा प्रश्न माउंटचा आहे. लेन्स बसते ती कडी आणि सेन्सर यांच्यातील अंतर ईएफमध्ये ४४ मिलिमीटर असते. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८, मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५ आणि एल व आरएफ माउंटमध्ये २० आहे. सिरुईच्या नाइट वॉकरसारख्या स्वस्त आणि वेगवान लेन्स या कमी अंतराच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी घडवलेल्या आहेत. त्यांना सेन्सरच्या जितके जवळ बसायचे असते तितके तुमचा कॅमेरा येऊ देत नाही. कोणी अडॅप्टर देऊ केला तरी घेऊ नका, कारण अडॅप्टर अंतर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. उलट ईएफ माउंटच्या लेन्स उद्या तुम्ही मिररलेस कॅमेरा घेतला तरी साध्या अडॅप्टरने त्यावर चालतील, म्हणून ईएफमध्ये घातलेला पैसा तुमच्याजवळच राहतो.

तुमच्या रकमेत ईएफसाठी सर्वांत सहज मिळणारा संच सॅमयांगच्या टी १.५ मालिकेचा आहे. हीच लेन्स काही बाजारांत रोकिनॉन या नावाने विकली जाते. ती काय आहे हे स्पष्ट असू द्या. कंपनीच्या एफ १.४ च्या फोटो लेन्सचीच काच तिच्यात आहे. अॅपर्चरच्या (लेन्स किती उघडायची ते ठरवणाऱ्या पाकळ्यांच्या) कडीतले टकटक खटके काढले आहेत, दोन्ही कड्यांवर ०.८ मापाचे दाते बसवले आहेत आणि एफच्या जागी टीचे आकडे छापले आहेत. एफचा आकडा उघडलेल्या छिद्राचे माप सांगतो, टीचा आकडा काचेतून प्रत्यक्ष पार होणारा प्रकाश सांगतो; एफ १.४ ची लेन्स साधारण तेरा टक्के प्रकाश वाटेत गमावते आणि टी १.५ ठरते. हे माहीत असणे चांगले, पण केवळ टीसाठी जादा पैसे मोजू नका. दोन लेन्समधला एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ब्लॅकमॅजिक रॉ या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग-उजेड जुळवण्याच्या, वेळी विनासायास भरून निघतो. डीझेडओफिल्मच्या वेस्पिडसारखे खरे सिने-संच सर्व लेन्सचा बाह्य आकार आणि दात्यांची जागा एकसारखी ठेवतात, आणि ते सुख मोठे आहे, पण तुमच्या दीड लाखात तसली एकच लेन्स येईल.

पैसे मोजायचे ते फोकसच्या कडीसाठी. दहा-बारा वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका घरात मी एक लघुपट चित्रित करत होतो. आजी देवघरात निरांजन लावते आणि हाक ऐकून दाराकडे वळते, इतकाच शॉट होता. मी ८५ ची फोटो लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती, कारण मागची धूसर समई मला फार आवडली होती. आम्ही अकरा टेक घेतले. रात्री मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा नऊ टेकमध्ये आजींच्या कानातल्या कुड्या लख्ख होत्या आणि डोळे मऊ. फोकस ओढणाऱ्या मुलाची त्यात काही चूक नव्हती. त्या लेन्सची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाव वळणात संपत होती. पाच आणि सात फुटांच्या खुणांमध्ये करंगळीच्या नखाएवढेही अंतर नव्हते. दोन मीटरवर ८५ ची लेन्स एफ १.४ ला उघडली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, आणि डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर त्याहून कितीतरी जास्त. त्या आजी पुन्हा तशा वळल्या नाहीत, आणि शेवटी आम्ही तो शॉटच काढून टाकला.

महागड्या सिने-लेन्सची कडी सुमारे ३०० अंश फिरते, म्हणून फोकस ओढणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. तुमच्या आवाक्यातल्या लेन्स तितक्या फिरत नाहीत, पण त्यांची कडी दोन्ही टोकांना ठाम थांबते आणि खडूची खूण दहाव्या टेकलाही तिथेच राहते. स्वस्त ऑटोफोकस लेन्समध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएममध्ये, कडी फिरवली की विजेचा संदेश जातो आणि मोटर काच हलवते. कडीला टोक नाही, म्हणून खुणेलाही अर्थ नाही. मित्राच्या भावाला फॉलो फोकस (कडीच्या दात्यांत अडकून ती फिरवणारे चाक) घेऊन द्या आणि चित्रीकरणाआधी दहा संध्याकाळी घरातल्या माणसांच्या चालण्या-बोलण्यावर सराव करू द्या. हा सराव कुठल्याही सहाव्या लेन्सपेक्षा पडद्यावर जास्त दिसेल. हा मुलगा ऐनवेळी येणार नसेल आणि कॅमेरा चालवणाऱ्यालाच फोकसही पाहायचा असेल, तर मला वेळीच कळवा, कारण मग सिग्माच्या १८-३५ एफ १.८ या एकाच झूमवर सगळा चित्रपट करण्याचा मार्ग मी तुम्हाला सुचवेन.

माजघरात अंधार असतो, म्हणून टी १.५ ला उघडूनच काम करावे लागेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. तुमच्या कॅमेऱ्याला ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता सांगणारे आकडे) आहेत. ३२०० वर, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या शटरला आणि टी २.८ ला, पाच फुटांवर टांगलेला नऊ वॅटचा घरगुती एलईडी बल्बसुद्धा चेहरा दिसण्यापुरता प्रकाश देतो. तेव्हा टी १.५ असलेली लेन्स घ्या आणि टी २.८ वर वापरा. तिथे काच जास्त धारदार होते, कडेची निळी-जांभळी किनार ओसरते, आणि ३५ वर दोन मीटर अंतराला सदतीस सेंटिमीटरच्या आसपास स्पष्ट पट्टा मिळतो, म्हणजे बोलता बोलता पुढे झुकलेला माणूस लगेच धूसर होत नाही.

बगीच्यात अडचण उलटी आहे. मार्चमधल्या काटोलच्या उन्हात ४०० आयएसओ आणि त्याच शटरला एफ ४५ च्या आसपास लेन्स बंद करावी लागेल, इतके बंद होणे या लेन्सना शक्य नाही. टी ४ वर काम करायचे तर सात स्टॉप प्रकाश अडवला पाहिजे. त्यासाठी ०.९ आणि १.२ चे दोन पक्के एनडी फिल्टर घ्या. एक तीन स्टॉप अडवतो, दुसरा चार, आणि दोन्ही मिळून हिशोब बरोबर बसतो. फिरवून गडद करायचे एकच व्हेरिएबल एनडी स्वस्तात पडते, पण जास्त गडद केले की फ्रेमवर काळी फुली उमटते आणि कातडीचा रंग बदलतो. फिल्टर इन्फ्रारेड अडवणारे असावेत, कारण साधा गडद एनडी दृश्य प्रकाश अडवतो आणि इन्फ्रारेड आत सोडतो. मग काळी छत्री आणि काळा सदरा तपकिरी-लालसर दिसू लागतात, आणि ग्रेडिंगमध्ये ते नीट निघत नाही. सॅमयांगच्या २४, ३५ आणि ५० या तिन्हींच्या तोंडाचे आटे ७७ मिलिमीटरचे आहेत, ८५ चे ७२. सर्व फिल्टर ७७ चे घ्या आणि ८५ साठी ७२ वरून ७७ करणारी एक स्टेप-अप रिंग. लेन्सवर एक लाख वीस हजारांपेक्षा जास्त खर्च करू नका, नाहीतर फिल्टर आणि फॉलो फोकस राहून जातील. तीन नव्या लेन्स या रकमेत बसत नसतील तर त्यांपैकी एक वापरलेली घ्या. खटके असलेली एफ १.४ ची फोटो आवृत्ती मिळाली तरी काच तीच आहे, दात्यांची कडी वरून चढवता येते आणि शॉटच्या मध्यात अॅपर्चर फिरवायचे नसेल तर खटक्यांनी काही बिघडत नाही.

जुन्या लेन्सविषयी माझ्या मनात ओढ आहे, तरी तुमचा पाया त्यांच्यावर घालू नका. निकॉनच्या मॅन्युअल लेन्स उत्तम आहेत आणि त्यांच्या माउंटचे अंतर ४६.५ मिलिमीटर असल्याने ईएफवर साध्या अडॅप्टरने बसतात. पण त्यांची फोकसची कडी उलट्या दिशेने फिरते, आणि नव्या मुलाचा हात ज्या दिशेला बसला आहे तिच्या विरुद्ध लेन्स मधूनच आली, तर तो ऐन टेकमध्ये चुकणार. वेगवेगळ्या काळातल्या काचांचे रंगही जुळत नाहीत. एक उबदार, दुसरी थंड, आणि एकाच संवादाचे दोन कोन दोन दुपारींचे वाटतात. हेलिओस ४४-२ मात्र तुमच्याकडे असेलच तर ठेवा. एम ४२ या तिच्या आट्यांच्या माउंटचा अडॅप्टर लावला की ती तुमच्या कॅमेऱ्यावर येते, तिची अॅपर्चरची कडी मुळातच खटक्याविना फिरते, आणि पार्श्वभूमीत पानांची गर्दी असेल तर ती पाने भोवऱ्यासारखी फिरल्यागत दिसतात. चित्रपटात आठवणीचे एखादे दृश्य असेल तर ते अख्खे हेलिओसवर घ्या. बाकीच्यांत तिला मिसळू नका.

दुकानात कॅमेरा आणि टेप घेऊन जा. सीताबर्डीतला दुकानदार भला असेल तर तासभर देतो. देत नसेल तर दुसरे दुकान पाहा. वर्तमानपत्राचे पूर्ण पान भिंतीवर चिकटवून प्रत्येक लेन्स टी २.८ वर त्याच्यासमोर सरळ धरा. चारपैकी एकच कोपरा मऊ दिसला तर आतली काच तिरकी बसली आहे आणि ती लेन्स परत करा. कॅमेऱ्याच्या अंगावर सेन्सरची जागा दाखवणारी खूण असते, तिथून सहा फूट मोजा आणि लेन्सवरचा सहा फुटांचा आकडा खरा आहे का पाहा. फोकस जवळून दूर ओढताना चौकट आत-बाहेर होते, तिला ब्रीदिंग म्हणतात. या किमतीत ती थोडीफार असणारच, फक्त ५० वर ती किती आहे ते डोळ्यांनी पाहून ठेवा, कारण तुमचे संवाद तिच्यावर आहेत. शक्य झाल्यास पैसे चुकते करण्याआधी रात्री फुटाळा तलावाच्या काठावर उभे राहून पलीकडचे दिवे इन्फिनिटीवर ठिपक्यासारखे स्पष्ट येतात का तेही तपासा. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधून तिन्ही लेन्सनी एकच चुन्याची भिंत टिपली, की रंगातला फरकही कळून येईल. या मालिकेच्या जुन्या लेन्समध्ये दात्यांची जागा प्रत्येक लेन्सवर वेगळी असते, नंतरच्या डीएस आवृत्तीत ती सारखी केलेली आहे. दोन्ही समोर असतील तर नंतरची घ्या, कारण लेन्स बदलताना फॉलो फोकस सरकवावा लागत नाही.

मार्चच्या दुपारी लेन्स बंद गाडीत ठेवू नका. कडीतले वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर उतरते. पावसाळ्यात लोखंडी कपाटाऐवजी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

८५ भाड्याने आणताना नागपुरातच चौकशी करा. मुंबईहून मागवायची झाली तर येण्या-जाण्याचे दिवस भाड्यात धरतात का, हे आधी लेखी विचारून घ्या. तोडीच्या दिवसांत झाडांच्या दोन ओळींमधून येणाऱ्या माणसांचे लांबचे शॉट ८५ वर सुरेख येतील. मात्र ती लेन्स एक मीटरपेक्षा जवळचा फोकस धरत नाही, म्हणून शेवटच्या शॉटसाठी तिच्यावर विसंबू नका. तो ५० वर घ्या. ती ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येते. इतक्या जवळ टी ४ वर स्पष्ट पट्टा फक्त सेंटिमीटरभराचा असतो, सालीत शिरणारा अंगठा दिसला तर फोडी धूसर होतील. बापाला झाडाच्या सावलीत बसवा, १.२ चा फिल्टर काढून फक्त ०.९ चा ठेवा आणि लेन्स टी ८ पर्यंत बंद करा. पट्टा दुप्पट होईल, आणि साल निघताना उडणारा तेलाचा तुषार मागून येणाऱ्या उन्हात दिसावा यासाठी कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवा, लेन्सवर मात्र हाताने किंवा पुठ्ठ्याने सावली धरा.